नादाची मांडणी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामास येते. पालखीबरोबर चालणाऱ्या एखाद्या दिंडीच्या मधोमध उभ्या असलेल्या वारकऱ्याने डोळे मिटून घेतले, तरी कोण कोठे आहे हे त्याला अचूक सांगता येते. डाव्या हाताला टाळकऱ्यांची एक रांग, उजव्या हाताला दुसरी, मध्ये मृदंग, जवळच वीणा, आणि पुढच्या दिंडीतील गजर त्याच्याही पलीकडून येणारा. टाळांचा झणत्कार नेमक्या जागेवरून येतो. मृदंगाच्या कणीक लावलेल्या अंगाचा घुमारा मात्र अमुक एका जागेवरून आल्यासारखा वाटत नाही. तो सगळीकडे भरून राहतो. ऐकणाऱ्याच्या छातीतच उमटल्यासारखा भासतो.

असा चहूबाजूंनी वेढणारा नाद एका लहानशा खोलीत आणून बसवावा, ही माणसाची फार दिवसांची हौस आहे. संगणकाला जोडावयाचा सहा पेट्यांचा स्पीकर-संच हे त्या हौसेचे आजचे रूप होय. पाच लहान स्पीकर आणि एक मोठा, जमिनीवर ठेवावयाचा सबवूफर, असा हा संच असतो. तो विकत आणणे सोपे आहे. तो मांडणे मात्र वाटते तितके सोपे नाही. कारण येथे पेट्यांची मांडणी करावयाची नसून कानांची समजूत घालावयाची असते.

कान दोन का, या प्रश्नापासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाशी आधी पोहोचतो आणि उजव्या कानाशी किंचित उशिरा. हा उशीर किती असावा? आवाज पूर्णपणे एका बाजूने आला, तरी तो सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाहून अधिक नसतो. एवढ्या सूक्ष्म अंतरावरून मेंदू दिशेचा निवाडा करतो. शिवाय डोके मध्ये आड येत असल्यामुळे उंच स्वर पलीकडच्या कानाला थोडे क्षीण ऐकू येतात. या दोन खुणांचे शास्त्र लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. खालच्या स्वरांना मात्र डोक्याचा अडथळा जाणवतच नाही. सेकंदाला ५० कंपने होणाऱ्या स्वराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिच्यापुढे माणसाचे डोके म्हणजे नदीच्या पात्रातील खुंटी. पाणी खुंटीला वळसा घालून जाते, तशी ती लाट डोक्याला वळसा घालून जाते आणि दोन्ही कानांना सारखीच भेटते. मृदंगाचा घुमारा सगळीकडून आल्यासारखा वाटतो, त्याचे मुख्य कारण हेच.

दोन कानांसाठी दोन आवाज पाठविण्याचा प्रयोग १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्‌-प्रदर्शनात क्लेमाँ आदे याने प्रथम करून दाखविला. नाट्यगृहाच्या रंगमंचावर डावीकडे आणि उजवीकडे दूरध्वनीची यंत्रे बसविली होती, आणि प्रदर्शनातील लोक दोन्ही कानांना दोन स्वतंत्र नळ्या लावून दूरवरचे गायन ऐकत होते. गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला सरकला, हे त्यांना न पाहता कळत होते. पुढे १९३१ हे वर्ष आले. त्या वर्षी मुंबईत ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट लागला आणि पडदा बोलू लागला, याचेच लोकांना अप्रूप होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाईन या तरुण अभियंत्याला त्या बोलण्यातील उणीव खटकत होती: नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जातो, पण त्याचा आवाज एकाच जागी खिळलेला राहतो. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. या गुणी माणसाला आयुष्य थोडे लाभले. १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना झालेल्या विमान-अपघातात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय अवघे ३८ वर्षांचे होते.

दोनांचे तीन आणि तिनांचे सहा मार्ग चित्रपटांमुळे झाले. १९४० साली ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी बनविलेली बहुमार्गी यंत्रणा एवढी अवजड आणि खर्चिक होती, की ती फारच थोड्या चित्रपटगृहांत बसविता आली. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या फितीवर बहुमार्गी ध्वनीसह दाखविला गेला, तेव्हा पडद्यावरील हालचालीबरोबर आवाजही सरकतो, हे हजारो प्रेक्षकांनी पहिल्यांदा अनुभवले. १९९२ पासून हे सहा मार्ग अंकांच्या रूपाने फितीवर उतरू लागले, आणि मग ते संगणकाच्या आटोक्यात आले.

सहा पेट्यांच्या संचावर ‘५.१’ असा आकडा छापलेला असतो. पाच म्हणजे पाच पूर्ण मार्ग: समोर डावा, समोर उजवा, मधला, मागे डावा आणि मागे उजवा. बिंदूनंतरचा एक हा सबवूफरचा. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात. त्यांपैकी अगदी तळाचा, सुमारे १२० कंपनांपर्यंतचाच भाग या मार्गातून जातो. म्हणून तो पूर्ण मार्ग न मानता मार्गाचा अंश मानला आहे. आकडा लहान असला, तरी पेटी मात्र सर्वांत मोठी, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते. त्याचा खुलासा असा. स्पीकरमधील पडदा हलतो आणि हवेला ढकलतो. स्वर एका सप्तकाने खाली गेला, की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी त्याच पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. लहान पडद्याला हे झेपत नाही. मोठा पडदा आणि मोठी पेटी यांना पर्याय उरत नाही. तबल्याच्या जोडीत डग्गा मोठा का असतो, याचे उत्तरही याच दिशेला सापडते. पेटीला बहुधा एक गोल भोक ठेवलेले असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जसा घुमणारा स्वर निघतो, तशी त्या भोकातील हवा पडद्याच्या मदतीला येते. हे भोक भिंतीला टेकवून बंद करणे म्हणजे बासरीच्या तोंडावर बोट ठेवून ती वाजवू पाहणे होय.

आता मांडणीकडे वळावे. निगडीतील किंवा भोसरीतील एखाद्या घरात असा संच आला, की मुले पहिल्याने टेबलाकडे धावतात आणि पाचही स्पीकर संगणकाच्या पडद्याभोवती रांगेने उभे करून मोकळी होतात. तसे केल्यास सहा पेट्यांचे पैसे खर्चून एका पेटीचा आवाज ऐकण्याचे समाधान मिळते. खरे पाहता आधी जागा ठरवावयाची ती स्पीकरची नसून ऐकणाऱ्याची. त्याची खुर्ची ठेवावी आणि मग एक सुतळी घ्यावी. सुतळीचे एक टोक खुर्चीशी धरून ती समोर ताणावी, आणि तेवढ्याच लांबीवर डावा व उजवा स्पीकर असे ठेवावेत, की त्या दोहोंमधील अंतरही सुतळीएवढेच भरेल. खुर्ची आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण झाला, म्हणजे समोरची बाजू साधली. मधला स्पीकर संगणकाच्या पडद्याखाली किंवा वर ठेवावा. संवाद बहुतेक त्याच्यातूनच येतात. तो कडेला गेला, की बोलणाऱ्याचे तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, अशी गंमत होते.

मागच्या दोन स्पीकरना ‘मागचे’ म्हणतात, पण ते फार मागे नकोत. ऐकणाऱ्याच्या दोन कानांमधून आडवी रेषा काढली, तर त्या रेषेच्या जरासे मागे, दोन्ही बाजूंना, ही त्यांची जागा. उंची कानाएवढी किंवा हातभर अधिक. घर लहान असल्यामुळे मागे भिंत लागूनच असते आणि एका बाजूला दार असते. अशा वेळी स्पीकर भिंतीवर अडकवावा, पण एक कानाशी आणि दुसरा खोलीच्या टोकाला असे करू नये. तसे करणे भागच पडले, तर संगणकाच्या किंवा संचाच्या मांडणीत त्यावर उपाय असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे १ मीटर जवळ असलेल्या स्पीकरचा आवाज सेकंदाच्या सुमारे ३ सहस्रांशांनी लवकर पोहोचतो. जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून ठेवले, की सर्वांचे आवाज एकदमच कानी येतात.

या युक्तीचा मोठा उपयोग मोटारींत होतो. २००९ नंतर चाकणच्या परिसरात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि मोटारींतील ध्वनियंत्रणा बनविणाऱ्या हरमन या कंपनीचाही कारखाना चाकणलाच आहे. मोटार ही मांडणी करणाऱ्याची सत्त्वपरीक्षा आहे. भारतातील मोटारीत चालक मध्यभागी बसत नाही, तो उजव्या दाराला खेटून बसतो. उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, तर डावा चार-पाच फूट दूर. काच आवाज परतवते, आसनाची गादी तो गिळते, आणि खाली चाकांची घरघर चालू असते. खुर्ची हलविणे तर शक्यच नाही! म्हणून तेथे जागेऐवजी काळ हलवितात. जवळच्या स्पीकरला क्षणाचा अंश थांबवून गायकाला चालकाच्या पुढ्यात आणून बसवितात.

तारा जोडताना घाई करू नये. संगणकाच्या मागे रंगीत भोके असतात. हिरवे भोक समोरच्या जोडीचे, काळे मागच्या जोडीचे, आणि नारिंगी हे मधल्या स्पीकरचे व सबवूफरचे मिळून. गुलाबी भोक मायक्रोफोनचे असल्यामुळे त्याच्या वाटेस जाऊ नये. स्पीकरच्या तारांना लाल व काळी अशी टोके असतात. लालास लाल व काळ्यास काळे, हा नियम सर्वांना ठाऊक असूनही एखाद्या पेटीच्या बाबतीत तो मोडलाच जातो. मग होते असे, की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो; एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो; आणि आवाज पोकळ, विरविरीत होतो. मोडलेले तर काहीच दिसत नाही, म्हणून लोक संचालाच दोष देतात. गाण्यातील खालचे स्वर अचानक हरवलेले वाटले, तर आधी तारा तपासाव्यात. तारा विजेच्या मुख्य तारेला गुंडाळूनही ठेवू नयेत. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० वेळा स्पंदन पावते, आणि तिची गुणगुण स्पीकरमधून भुंग्यासारखी ऐकू येऊ लागते.

यानंतर संगणकास ‘पेट्या सहा आहेत’ हे सांगावे लागते. ध्वनीच्या मांडणीत जाऊन ५.१ हा पर्याय निवडला नाही, तर मागचे स्पीकर मुकेच राहतात. तेथेच चाचणीची सोय असते. एकेका पेटीतून क्रमाने आवाज येतो. खुर्चीत बसून तो ऐकावा आणि सर्वांची पातळी सारखी करून घ्यावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे बरे. जुनी नाट्यगीते, भावगीते मुळात एका किंवा दोन मार्गांवरच मुद्रित झालेली आहेत. ती सहा पेट्यांतून वाजविल्याने त्यांत नवे काही येत नाही. उलट गायक खोलीभर विखुरल्यासारखा वाटतो. अशी गाणी समोरच्या दोन स्पीकरवरच अधिक शोभतात.

सबवूफरची जागा हा सर्वांत गमतीचा भाग होय. त्याच्या स्वरांना दिशा कळत नाही, तेव्हा तो कोठेही ठेवावा, असे सांगितले जाते. ते निम्मेच खरे आहे. दिशा कळत नसली, तरी जागेने आवाज बदलतो. सव्वाअकरा फूट लांबीच्या खोलीत ५० कंपनांची लाट बरोबर अर्धी मावते. दोन्ही भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. भिंतींजवळ त्यांचा जोर वाढतो आणि खोलीच्या मध्यावर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून एकाच खोलीत, एकाच क्षणी, भिंतीशी बसलेल्या आजीला ‘केवढा हा धडधडाट’ असे वाटते, आणि मध्यावर बसलेल्या नातवाला ‘सबवूफर चालू तरी आहे का’ अशी शंका येते. दोघेही खरेच बोलत असतात. जागा शोधण्याची एक जुनी, विनोदी पण पक्की रीत आहे. सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीतच ठेवावा, खालच्या स्वरांचे संगीत लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरावे. ज्या ठिकाणी ते स्वर स्पष्ट आणि सम ऐकू येतील, तेथे सबवूफर नेऊन ठेवावा व खुर्चीत आपण बसावे. आवाजाचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली, तरी त्यांमधील वाट तीच राहते, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे. कोपऱ्यात ठेवल्यास जोर सर्वांत अधिक मिळतो, पण तो गुबगुबीत होतो. संगणकाच्या संचांतील लहान स्पीकर फारच लहान असले, तर सबवूफरला थोडे वरचे स्वरही सांभाळावे लागतात. तेव्हा त्याची दिशा कळू लागते, म्हणून तो समोरच्या बाजूसच असलेला चांगला.

परंतु खालच्या स्वरांचा हाच गुण शेजाऱ्याच्या घरात अवगुण ठरतो. उंच स्वर भिंतीशी थांबतात. भिंत जितकी जड, तितके अधिक. खालचे स्वर अर्ध्या विटेच्या भिंतीला फारसे जुमानत नाहीत. ढोल-ताशांचे पथक दूर असताना ताशा ऐकू येत नाही, ढोल तेवढा येतो. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्याविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, तेव्हा अखेरीस सुरुंग लावून त्याचा बुरूज उडविण्यात आला. अशा स्फोटाचा कडाका जवळच विरून जातो. दूरच्या गावांपर्यंत जातो तो त्याचा खोल गडगडाट.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात कारखाने तीन पाळ्यांत चालतात. तिसऱ्या पाळीचे कामगार सकाळी घरी परततात आणि दिवसा झोपतात. भिंतीच्या अलीकडे मुलांना सुट्टी असते, म्हणून चित्रपट लागतो. भिंतीच्या पलीकडे रात्रभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस उशी कानावर घेऊन पडलेला असतो. त्याला संवाद ऐकू येत नाहीत, गाणे ऐकू येत नाही. केवळ धप्‌, धप्‌ असा आवाज जमिनीतून खाटेच्या पायांत आणि पायांतून डोक्यात चढत राहतो. अपुऱ्या झोपेचा हा माणूस रात्री पुन्हा दाबयंत्रापुढे उभा राहणार असतो, आणि त्याच्या हातांची दहा बोटे त्याच्या जागेपणावर अवलंबून असतात. भारत सरकारने २००० साली केलेल्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्र १० पासून सकाळी ६ पर्यंत मोजली जाते. १० डेसिबलचा फरक आकड्यात थोडा दिसतो; पण त्यात आवाजाची शक्ती दसपट होते. नियम करणाऱ्यांनी दिवस आणि रात्र अशी विभागणी केली. ज्यांची रात्र सकाळी सुरू होते, त्यांची सोय या आकड्यांत बसलेली नाही. ती शेजाऱ्यालाच पाहावी लागते.

ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानांचीही गोष्ट आहेच. कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. सतत मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यात कामगाराला कानांत बोंडे घालावयास देतात, ती याचसाठी.

यावर उपाय साधे आहेत. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर न्यावा. त्याच्या खाली रबराचा जाड तुकडा किंवा घडी केलेली चटई घालावी, म्हणजे पेटीची थरथर फरशीत कमी उतरते. मागे एक गोल कळ असते. तिने खालच्या स्वरांचा जोर तेवढा कमी करता येतो आणि संवाद, गाणी, पाखरांची किलबिल यांना धक्का लागत नाही. ती कळ कितपत फिरवावी, हे ठरविण्यासाठी संच चालू ठेवून एकाने शेजारच्या घरी जावे, त्यांच्या परवानगीने त्या भिंतीला कान लावावा आणि हाक मारून सांगावे: आणखी कमी, आणखी थोडे कमी, आता पुरे. ज्या ठिकाणी कळ थांबेल, तेथे खडूने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. शेजारच्या काकांची तिसरी पाळी असलेल्या आठवड्यात कळ त्या रेघेच्या पुढे जाऊ द्यावयाची नाही. पाळी बदलली, की कळही बदलता येते.